जिवंत असल्याचं तिकीट

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार. पासबुक भरायला बँकेत गेलो होतो. मशीनने कुर्रकुर्र करून पान बाहेर टाकलं. चष्मा वर करून बघितलं, खाली करून बघितलं, जानेवारीचं पेन्शन काही दिसेना. डिसेंबरचं होतं, त्याच्या खाली विजेचं बिल, आणि मग कोरा कागद.

काउंटरवरच्या बाईंनी कॉम्प्युटरमध्ये डोकावून सांगितलं, "काका, तुमचा हयातीचा दाखला संपलाय. सिस्टीममध्ये तुम्ही..." आणि त्या थांबल्या. पुढचा शब्द त्यांना बोलवेना. मीच म्हणालो, "वारलोय, असं दाखवतंय का?" त्या हसल्या. "तसं नाही हो काका. जिवंत आहात हे दिसत नाहीये, एवढंच."

मी ७२ वर्षांचा. एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होतो, २०१० ला रिटायर झालो. पेन्शन ईपीएस ९५ चं, म्हणजे भविष्य निधीच्या १९९५ च्या पेन्शन योजनेचं. आमच्या वेळी पगार कितीही असो, हिशेब ६,५०० रुपयांवरच धरायचे, त्यामुळे हातात महिन्याला २,३८० रुपये येतात. मुलगा पुण्याहून पाठवतो, भागतं. पण हे २,३८० माझे आहेत. मुलाच्या पैशातून दूध आणतो तेव्हा अर्धा लिटर आणतो, पेन्शनच्या पैशातून एक लिटर. का ते मला विचारू नका.

हे सगळं लिहितोय ते आमच्यासारख्या इतर म्हाताऱ्यांसाठी आणि त्यांच्या पोरासोरांसाठी. मला या भानगडीत दोन महिने गेले. नीट माहिती असती तर एका दुपारचं काम होतं.

पहिली चूक माझीच. आमच्या कट्ट्यावर एक निवृत्त मास्तर येतात, ते दरवर्षी नोव्हेंबरमध्ये बँकेत जाऊन सही करतात. ते म्हणाले, "नोव्हेंबर गेला की गेलं." म्हणून गेल्या नोव्हेंबरात मी आपला दाखला आठवला, पण नेमका तेव्हाच हिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा घोळ चालू झाला आणि राहून गेलं. मग वाटलं, आता पुढच्या नोव्हेंबरपर्यंत काही करता येणार नाही. हे साफ चुकीचं. नोव्हेंबर आहे तो सरकारी पेन्शनवाल्यांचा. आमच्या ईपीएसवाल्यांना वर्षात कधीही दाखला देता येतो आणि दिल्या दिवसापासून तो एक वर्ष चालतो. माझा आधीचा होता २१ डिसेंबर २०२३ चा. म्हणजे २१ डिसेंबर २०२४ ला तो संपला आणि मी निवांत गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे आमच्या सोलापूरच्या संक्रांतीच्या जत्रेत, भजी खात फिरत होतो.

४ तारखेला दाखला काढायला घराजवळच्या एका ऑनलाइन सेवा केंद्रात गेलो. आमचं घर साखर पेठेत. केंद्रातला पोरगा विशीतला, कानात वायर. आधार कार्ड, पासबुक, मोबाइल आणि पीपीओचा कागद एवढं मागितलं. पीपीओ म्हणजे पेन्शन सुरू झाली तेव्हा मिळालेला आदेश, त्यावर १२ आकडी नंबर असतो. माझा कागद १५ वर्षं ट्रंकेत घडी घालून ठेवलेला. घडी नेमकी नंबरावरून गेलेली. एक आकडा ३ आहे की ८, काही कळेना. पोरगा म्हणाला, "अंगठा तर देऊन बघा आधी."

अंगठा दिला. लाल. पुसून दिला. लाल. डावा अंगठा, मग तर्जनी, मग मधलं बोट. मशीनच्या काचेखालचा दिवा लागायचा आणि विझायचा. पोरगा म्हणाला, "काका, जोरात दाबा." मग म्हणाला, "इतकं जोरात नाही." मागे लाइन वाढत चाललेली. एक बाई म्हणाल्या, "खोबरेल लावा," दुसऱ्या म्हणाल्या, "छे, तेलाने तर येतच नाही, गरम पाण्याने धुवा." डोळ्याच्या बुबुळावरनं घेणारं मशीनही असतं म्हणे, पण ते त्याच्याकडे नव्हतं. दहा बोटं झाली. त्याने ३० रुपये घेतले. काम झालं नाही तरी पैसे का, असं तोंडावर आलं होतं, पण मागच्या लाइनीकडे बघून गप्प बसलो.

घरी येऊन खिडकीत बसलो आणि बोटं उजेडात धरली. खरंच रेषा नाहीत. गुळगुळीत, चिंचोक्यासारखी. वयाने कातडी सुकते आणि रेषा झिजतात हे खरं, पण माझ्या बोटांनी ३१ वर्षं तिकिटं फाडलीत. मशीन आलं ते अगदी शेवटी. त्याआधी ट्रे असायचा, त्यात रंगीत तिकिटांचे गठ्ठे, उजव्या हातात पंच, डाव्या खांद्याला चामड्याची बॅग. थुंकी लावून तिकीट सुटं करायचं, पंच मारायचा, चिल्लर मोजायची. डेपोत उतरल्यावर वेबिल लिहायचं आणि पुन्हा चिल्लर मोजायची. सोलापूर–बार्शी व्हाया वैराग मी इतक्या वेळा केलंय की नान्नजजवळ गाडीला कुठे हिसका बसणार हे झोपेतही कळायचं. त्या सगळ्या तिकिटांवर आणि चिल्लरीवर बोटांच्या रेषा मी थोड्या थोड्या घासून दिल्या असणार.

६ तारखेला भविष्य निधीच्या कार्यालयात जाऊन पीपीओचा नंबर विचारला. अर्धा तास लागला. तिथल्या माणसाने पासबुक बघून चिठ्ठीवर नंबर लिहून दिला. आकडा ८ होता. (नंतर कळलं की त्यांच्या वेबसाइटवर बँक खात्याचा नंबर टाकला की पीपीओ नंबर घरबसल्या मिळतो. माझे जायचे-यायचे रिक्षाचे ८० रुपये गेले.) त्याच चिठ्ठीच्या मागे त्याने लिहिलं, "आधार बायोमेट्रिक अपडेट". माझं आधार २०१२ चं. म्हणाला, "बोटांचे ठसे आणि फोटो नवीन करून घ्या, मग बघू."

७ तारखेला, शुक्रवारी, साडेदहाला आधार केंद्रावर पोचलो. टोकन संपलेले. शनिवारी आमच्याकडे पाणी यायचं होतं. सोलापूरच्या बाहेरच्यांना सांगायला हवं, आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं, आणि त्या दिवशी घर सोडता येत नाही. आधार वाट बघतं, पाणी बघत नाही. म्हणून १० तारखेला, सोमवारी, सकाळी आठलाच जाऊन पायरीवर बसलो. ११ नंबरचं टोकन मिळालं. नंबर आला सव्वाबाराला. जाताना पाण्याची बाटली आणि शेंगाचटणी-कडक भाकरीची पुरचुंडी नेली होती, ती कामी आली. बायोमेट्रिकची फी तेव्हा १०० रुपये होती, आणि त्याच वेळी मोबाइल नंबरही बदलून घेतला तर वेगळे पैसे पडत नाहीत. हे लक्षात ठेवा. माझ्या आधारला मुलाचा जुना नंबर होता, जो त्याने कधीच बंद केलाय. ओटीपी कुठल्या परक्या माणसाला जात होता देव जाणे.

तिथली मुलगी फार चांगली. ओल्या फडक्याने माझं एकेक बोट पुसलं, काचेवर ठेवून स्वतःच्या बोटाने वरून अलगद दाबलं. चार-पाच वेळा केलं. मग म्हणाली, "काका, मी घेतलेत, पण खरं सांगते, रेषाच नाहीत. पुढे अडचण येऊ शकते. फोटो मात्र मस्त आलाय." २०१२ च्या फोटोत मी मिशीवाला, गालात पान. आता मिशी नाही, दात नाहीत, गालही नाहीत. पावती जपून ठेवायला सांगितली. २१ तारखेला मेसेज आला, आधार अपडेट झालं.

२४ ला पुन्हा त्याच ऑनलाइन सेवा केंद्रात. पुन्हा लाल. पोरगा या वेळी कानातली वायर काढून म्हणाला, "काका, तुमचं नाही होणार."

त्या रात्री झोप लागली नाही. आमच्या घरामागे पूर्वी यंत्रमाग होते, रात्रभर खटखट चालायची. नवीन लग्न होऊन आली तेव्हा ही म्हणायची, या आवाजात माणूस झोपेल कसा. आता तिथे तीनच माग उरलेत, तेही रात्री बंद, आणि शांततेनेच जाग येते. पडल्या पडल्या मला वैरागची एक म्हातारी आठवली.

२००४ च्या आसपासची गोष्ट. वडाळ्याच्या स्टॉपवर चढली. हातात काठी, डोक्यावर पदर, पाठीत वाकलेली. म्हणाली, "हाफ दे." पासष्टच्या वरच्यांना अर्धं तिकीट होतं. मी म्हटलं, "कार्ड?" तिच्याकडे काही नाही. रेशनकार्ड सुनेकडे. मी म्हटलं, "आजी, पुरावा नसला तर फुल घ्यावं लागेल." खोटं नाही सांगत, त्या महिन्यात आमच्या एका कंडक्टरला लाइन चेकिंगने धरलं होतं आणि मी घाबरलेला होतो. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आरं मास्तर, माझं वय तुला तोंडावर दिसंना व्हय?" गाडी हसली. मी फुल तिकीट फाडलं. तिने पदराची गाठ सोडून पैसे मोजून दिले आणि वैरागपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही.

दिसत होतं. चांगलं दिसत होतं.

२६ ला महाशिवरात्र. सिद्धेश्वराच्या देवळात गर्दी, म्हणून लांबूनच नमस्कार करून परत आलो. दारातच शेजारची पोरगी भेटली. तेलुगू घर, पण ती आमच्याशी मराठीच बोलते. बी.कॉम.ला आहे. मला आजोबा म्हणते. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आजोबा, अंगठा कशाला? चेहऱ्यावरनं होतं की आता. २०२१ पासून आहे." तीन आठवडे मी बोटं घासतोय आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

२७ तारखेला, गुरुवारी दुपारी, ती आली. माझ्या मोबाइलमध्ये जागाच नव्हती. रोज सकाळचे फुलांचे, सूर्याचे, गजानन महाराजांचे फोटो भरलेले. तिने आपला फोन घेतला. दोन अॅप लागतात. एक आधारचं चेहरा ओळखणारं, आधार फेस आरडी नावाचं, ते नुसतं घालून ठेवायचं, त्याचं चिन्हसुद्धा दिसत नाही. दुसरं जीवन प्रमाण, ते हयातीच्या दाखल्याचं. अॅपला आधी ऑपरेटर लागतो, म्हणजे फोन ज्याच्या हातात आहे तो. त्याने स्वतःचा आधार, मोबाइल, ईमेल टाकून स्वतःचा चेहरा आधी दाखवायचा. हे एकदाच. त्यामुळे मदत करणाऱ्याने आपला आधार नंबर जवळ ठेवावा. पेन्शनर स्वतःच आपला ऑपरेटर होऊ शकतो, पण पहिल्या वेळी कोणी जवळ असेल तर बरं.

मग माझा आधार नंबर, ओटीपी. ओटीपी माझ्याच फोनवर आला. मग फॉर्म. नाव, पेन्शनचा प्रकार, मंजूर करणारी संस्था, बँक, पीपीओ नंबर, खात्याचा नंबर. हे सगळं आधी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. पासबुकातून शोधत बसलात की वेळ संपतो आणि पुन्हा पहिल्यापासून. पुढे एक प्रश्न आला आणि पोरगी थांबली. मग हळूच म्हणाली, "आजोबा, विचारतंय... पुन्हा लग्न केलंय का?"

ही स्वयंपाकघरात शेंगा भाजत होती. तिथूनच ओरडली, "नाही दाब गं. आणि पुढं करणार पण नाही म्हणून लिहायची सोय असली, तर तेबी लिही."

मग चेहरा. पहिल्यांदा मी खिडकीला पाठ करून बसलो होतो, झालं नाही. मागून उजेड आला की चेहरा काळा पडतो. मग तिने मला दाराकडे तोंड करून, चुन्याच्या कोऱ्या भिंतीला टेकवून बसवलं. चष्मा काढायला लावला. फोन डोळ्यांच्या उंचीला धरला. पडद्यावर एक गोल, त्यात माझं थोबाड. "आजोबा, हलू नका. आता डोळे मिचकवा." मिचकवले. "जोरात नाही, साधं." पुन्हा मिचकवले. गोल हिरवा झाला. दीड मिनिटही लागलं नसेल.

नवीन फोटोमुळे हे झालं, असं ती म्हणाली. २०१२ च्या मिशीवाल्याशी आजचा मी जुळलो असतो की नाही कोण जाणे. म्हणजे ते १०० रुपये आणि सव्वाबारापर्यंतची पायरी वाया गेली नाही.

मोबाइलवर मेसेज आला, प्रमाण आयडी, म्हणजे दाखल्याचा नंबर. तो वहीत लिहून घ्या. त्या आयडीवर वेबसाइटवरून दाखला उतरवून घेता येतो. तिने तो मला पाठवला. माझा फोटो, माझं नाव, आणि मी जिवंत असल्याचं लिहिलेलं. मी तिला विचारलं, "याचे किती?" ती म्हणाली, "शेंगाचटणी." हिने डबा भरून दिला.

फेब्रुवारीअखेरीलाही पेन्शन आलं नाही. जीव पुन्हा खाली-वर. चौकशी केली तर कळलं, दाखला महिना संपता संपता दिला, तोवर त्या महिन्याची यादी झालेली होती. घाबरायचं नाही, थकलेलं सगळं एकदम येतं. मार्चचं पेन्शन एरवीही एप्रिल लागल्यावरच जमा होतं, त्यामुळे वाट जरा लांबली.

मधल्या काळात एक झालं. त्या पोरीची आजी. ७८ वर्षांची, सगळा जन्म विड्या वळण्यात गेला. तंबाखू, तेंदूची पानं, कात्री, दोरा, रोजच्या हजार विड्या. तिची बोटं बघितली तर माझी बरी म्हणायची. रेशन दुकानात अंगठा लागत नाही म्हणून दर महिन्याला सुनेला जावं लागतं. तिलाही विडी कारखान्याचं पेन्शन आहे, महिन्याला हजार. पोरगी कॉलेजला गेलेली, आणि दाखल्याची मुदत आठवड्यावर आलेली. तोवर मी फोनमधले फुलांचे फोटो उडवून जागा केली होती आणि माझा मी ऑपरेटर झालो होतो. पोरगीला फोनवर विचारून फॉर्म भरला. म्हातारीला दाराकडे तोंड करून बसवलं. तिला मराठी येतं, पण मिचकवा म्हणजे काय ते कळेना. मी स्वतः मिचकावून दाखवलं. ती लाजली आणि पदर तोंडाला लावला. चेहराच झाकला गेला. "अम्मा, पदर," मी म्हटलं. तिने पदर खाली घेतला. फोनच्या गोलात तिचा चेहरा, कपाळावर गोंदलेलं, गालांवर सुरकुत्यांचं जाळं. मी जरा वेळ बघतच राहिलो. मग तिने वैतागून एकदा डोळे मिटून उघडले आणि गोल हिरवा झाला.

तिने विचारलं, "किती पैशे?"

"काही नाही, अम्मा. तुम्हाला फ्री."

जे अंथरुणावर आहेत त्यांच्यासाठी सांगतो, पोस्टमन घरी येऊनही हा दाखला करून देतो, तेव्हा ७० रुपये पडायचे. आमच्या कट्ट्यावरच्या एकाने त्याच्या आईचा तसाच केला. आणि दुसरं, फोनवरून कोणी "तुमचा दाखला करून देतो, ओटीपी सांगा" म्हणाला तर फोन ठेवून द्या. मला मार्चमध्ये असा एक फोन आला होता. फार गोड बोलत होता, बाबूजी बाबूजी करत होता. एसटीत विनातिकीट बसलेला माणूस कंडक्टरशी असाच गोड बोलतो.

३ एप्रिलला, गुरुवारी, बँकेत गेलो. मशीनने कुर्रकुर्र केलं. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, तिन्ही मिळून ७,१४० रुपये. काउंटरवरच्या बाईंनी लांबूनच विचारलं, "आले का काका?" मी पासबुक वर करून दाखवलं.

एकूण खर्च म्हणाल तर आधारचे १००, केंद्रातले ३०, झेरॉक्स १४ आणि रिक्षाचे २६० च्या आसपास. चेहऱ्याच्या दाखल्याला शून्य.

येताना दूध घेतलं, एक लिटर. घरी येऊन पुढच्या वर्षीची तारीख कुठे लिहावी याचा विचार केला. २०२६ चं कॅलेंडर अजून आलेलं नाही, म्हणून भिंतीवरच्या यंदाच्या दाते कॅलेंडरच्या डिसेंबरच्या पानावर, खाली कोपऱ्यात, लाल पेनाने लिहिलंय: "दाखला – गड्डा संपला की लगेच. २७ फेब्रुवारीची वाट बघू नये." हिने वाचलं आणि त्याखाली आपल्या बारीक अक्षरात लिहिलं, "शेंगा पण आणणे."